अल गराफाच्या व्हिलातले तीन साप

बहुतेक प्रकरणांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. सापांचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

मुंबई पोलिसांतून निरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर, ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी कतारमध्ये होतो. दोह्याबाहेर एका बांधकाम कंपनीची कामगार वसाहत होती, तिथे मी सुरक्षा अधिकारी म्हणून काम पाहत असे. गेट रजिस्टर तपासणं, खोल्यांची पाहणी, चोऱ्या-भांडणांचे अहवाल असं रोजचं काम. स्थानिक पोलिसांना मराठी माणसाचा जबाब घ्यायचा असला की ते मला दुभाषा म्हणून बोलावत.

उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी दुपारी असाच फोन आला. आमच्या वसाहतीतला एसी मेकॅनिक, रत्नागिरीकडचा, तिशीचा माणूस, सर्पदंश होऊन हॉस्पिटलात दाखल झाला होता. त्याच्याच तालुक्यातला एक ड्रायव्हर त्याला पिकअपमधून घेऊन आला होता. हा ड्रायव्हर एका परदेशी ड्रिलिंग इंजिनीयरकडे नोकरीला होता.

साधा अपघात म्हणून नोंद झाली असती. पण डॉक्टरांना शंका होती. वसाहतीतल्या लाकडांच्या ढिगात फुरसं चावल्याचं मेकॅनिक सांगत होता. तिथल्या वाळवंटात फुरसं असतं, त्यावरचं औषध हॉस्पिटलात होतं. ते दोनदा देऊनही काचेच्या नळीतलं रक्त गोठत नव्हतं आणि सूज कोपराच्या वर चढली होती.

"साप दुसरा असेल तर औषधही दुसरं लागेल," डॉक्टर फोनवर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर हात जाईल. कदाचित माणूसही."

निघण्यापूर्वी मी गेटवर थांबलो. तिथे मेसचा आचारी आपणहून आला.

"साहेब, लाकडांच्या ढिगात चावलं म्हणतात ते खोटं आहे. तो सकाळी इथे नव्हताच. शुक्रवारचं मटण सोडून जाणारा माणूस नाही तो. ताट तसंच झाकून ठेवलंय."

रजिस्टरमध्ये सकाळी आठनंतर ड्रायव्हरच्या पिकअपमधून मेकॅनिक बाहेर गेल्याची नोंद होती. परतीची नव्हती.

हॉस्पिटलात एक पोलीस कॅप्टन वही घेऊन बसला होता. मी खाटेजवळ स्टूल ओढलं. कुठे चावलं हे मी विचारलंच नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर माणसाने पाठ केलेलं असतं, तो प्रश्न शेवटी ठेवावा.

"आवाज केला का रे त्याने?"

"केला ना. केवढा मोठा! खुळखुळा वाजवल्यासारखा. शेपूट अशी उभी धरून."

"मग चावला?"

"तो नाय चावला. तो समोर वाजत होता. मी मागे सरलो, तर मागचा चावला. तो गुपचूप होता."

"रंग?"

"समोरचा काळा. चावला तो पांढरा. डोळे लालभडक."

कोकणात मी दोन वर्षं नोकरी केली आहे. फुरसं शेपूट वाजवत नाही. वेटोळी अंगावर घासतं आणि करवत चालल्यासारखा आवाज येतो. शिवाय पांढरं फुरसं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानेही पाहिलेलं नसणार.

"तू रत्नागिरीचा. फुरसं मला शिकवतोस? कुठे गेला होतास?"

त्याने डोळे मिटले. "साहेब, व्हिसा जाईल."

ज्या कंपनीच्या व्हिसावर माणूस आला, तिच्याखेरीज दुसरीकडे काम करणं हा तिथे गुन्हा. पकडला गेला की परतीचं विमान. हा माणूस सुट्टीच्या दिवशी बाहेर एसी दुरुस्त करायला गेला असणार. ते लपवण्यासाठी त्याने साप बदलला होता. कुठे गेला होता ते मात्र त्याच्या तोंडून निघेना. ड्रायव्हरचं नाव त्याला घ्यायचं नव्हतं.

ड्रायव्हर बाहेर बाकावर बसला होता. मी विचारायच्या आधीच त्याने सुरुवात केली, "मी फक्त वाटेत बघितला आणि गाडीत घातला, साहेब."

नर्सने मेकॅनिकच्या सुजलेल्या बोटातली चांदीची अंगठी कापून काढली होती. ती मी मागून घेतली आणि ड्रायव्हरच्या हातात ठेवली.

"तुझ्याकडे असू दे. त्याच्या बायकोला तूच नेऊन देशील ना?"

त्याने अंगठीकडे पाहिलं आणि तो रडायला लागला.

"माझं नाव नका घेऊ, साहेब."

"तसा शब्द मी देऊ शकत नाही. आत्ता बोललास तर तो जगेल, एवढंच सांगतो."

मग तो बोलला. त्याचा इंजिनीयर रजेवर गेला होता. दोह्याच्या अल गराफा भागातल्या त्याच्या व्हिलात त्याने तीन साप पाळले होते, त्यांना उंदीर घालायचं काम ड्रायव्हरकडे होतं. त्या खोलीतला एसी बंद पडला. उकाड्यात साप मेले तर नोकरी जाईल, म्हणून त्याने गाववाल्याला बोलावलं.

"आणि औषध?"

"आहे. फ्रिजमध्ये पेटी आहे. मला चावला तर ही घेऊन पळ, असं इंजिनीयर साहेब सांगून गेलेत. पण पेटी आणली असती तर सगळंच उघड झालं असतं ना!"

कॅप्टनला मी हिंदीत सगळं सांगितलं. "यल्ला," चला म्हणत तो उठला.

व्हिलात तीन काचेच्या पेट्या होत्या. एकीतला साप धुळीच्या रंगाचा, पाठीवर शंकरपाळ्यांसारखी नक्षी. दुसरीतला जवळजवळ काळा, आमची पावलं ऐकूनच शेपूट वाजवू लागला. तिसरी रिकामी. पांढरा तिच्यामागेच एसीखाली पडून होता. मला या तीन जाती वाटल्या. ड्रायव्हर म्हणाला, "नाही साहेब, तिन्ही एकच. अमेरिकेतले रॅटलस्नेक. रंग तेवढे वेगळे. काळा खवीस आहे. पांढरा गाय आहे गाय, कधी आवाज नाही. खिडकीखालची पेटी सरकवायची होती म्हणून त्याला काठीने बादलीत घालून वर फडकं टाकलं होतं."

काळा वाजू लागल्यावर मेकॅनिक मागे सरला आणि तोल सावरायला त्याने हात टेकला, तो त्याच बादलीच्या काठावर.

पांढऱ्याच्या पेटीवर लाल शाईत इंग्रजी चिठ्ठी होती. ड्रायव्हरला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी त्याला वाचून दाखवली: 'खुळखुळा तुटला आहे. इशारा न देता चावतो.'

तो भिंतीला टेकून खाली बसला. तीन महिने तो त्या सापाला गरीब समजून हाताळत होता.

औषधाच्या दहा कुप्या सूर्यास्तापूर्वी डॉक्टरांच्या हातात पडल्या. दुसऱ्या दिवशी नळीतलं रक्त गोठलं. साप जप्त झाले. इंजिनीयरने ते सामानात लपवून आणले होते. रजेवरून तो परतलाच नाही. दोघांचे जबाब कॅप्टनने नोंदवले. मेकॅनिकसाठी आमच्या कंपनीकडे मी रदबदली करून पाहिली. "खलास," एवढंच उत्तर आलं. दोघांचेही व्हिसा रद्द झाले.

विमानतळावर मेकॅनिकला सोडायला मीच गेलो. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. सही त्याने डाव्या हाताने केली.

"हात जागेवर ऱ्हायला, साहेब," तो म्हणाला. "पण आमच्या गावात एसी कुणाकडे आहे?"



दुखण्याने बेजार झालेला माणूस खोटं बोलत नाही, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. जबाब घेताना आरोपीवर जेवढा संशय घ्यायचा, तेवढा जखमीवर घेत नसे. या प्रकरणानंतर ती सवय बदलली. जखमी माणूस समोर आला की तो काय लपवतो आहे यापेक्षा खरं बोलल्यावर त्याचं काय जाणार आहे, हे मी आधी शोधू लागलो. त्यामुळे पुढे बरीच उत्तरं लवकर मिळाली. खरं बोलणाऱ्याचं जे जायचं ते मात्र जातच राहिलं. ते थांबवणं माझ्या अधिकारात कधीच नव्हतं.