वायर देणाऱ्या अक्का

अक्का आमच्या घरी आल्या की आधी भिंतीतल्या स्विचच्या रिकाम्या डबीला तोंड लावत आणि हाक मारत, "ओ, हाईसा काय?" पलीकडच्या खोलीतून उत्तर येई, "हाय. सोड." मग काम सुरू. राजाजीनगरातलं हे जुनं घर घेतलं तेव्हा आतलं वायरिंग पार कुजलं होतं. भिंती न फोडता जुन्याच पायपांतून नव्या वायरी ओढायचं ठरलं आणि ओळखीतून हे जोडपं आलं. मूळचं खानापूरकडचं, पण उभा जन्म इथे बंगळुरात काढलेलं. नवरा मिस्त्री आणि बायको अक्का. दोघांची खरी नावं मला पुढे कळली, पण ती तोंडात कधी बसली नाहीत.

वायर ओढायला दोन माणसं लागतात. एकाने एका टोकाने ओढायची, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाने सरळ करून आत सोडायची. ओढणाऱ्याला मिस्त्री म्हणतात, सोडणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. अक्का हे काम गेली कित्येक वर्षं करत होत्या. लाल, काळी, हिरवी अशा तीन वायरी मांडीवर घेऊन स्टुलावर बसायचं, बोटांना पावडर चोळायची (ती माझ्या आरशापुढची, हक्काने घेतलेली), आणि भिंत मागेल तसं देत राहायचं. "ढकलायची न्हाई ताई, द्यायची," त्या म्हणत. "ढकलली की आत गुंता. मग हे कावत्यात."

मिस्त्री कावत, हे खरंच. माणूस कामाला चोख, पण जिभेला हाड नाही. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर एक गडी होता. दुपारी जेवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मला आश्चर्य वाटलं, पुढे अक्कांना सांगितलं तर त्यांना नाही. "हे आधी शिव्या देत्यात, मग पानी देत्यात," त्या म्हणाल्या. "मानूस पान्यापतूर थांबत न्हाई." म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः आल्या. त्यांनी घरी बसायला हवं होतं हे मला नंतर समजलं.

त्यांच्या डाव्या हाताला कोपराजवळ नेहमी पट्टी असे आणि तो हात त्या जपून मांडीवर ठेवत. मी विचारलं तर म्हणाल्या, "ह्यो हात दवाखान्याचा. ह्यो दुसरा कामाचा." मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातले काही दिवस त्याच हातातून डायलिसिस, उरलेल्या दिवशी आमच्या भिंती. दवाखान्यातून आल्यावर पाय सुजलेले, तोंड उतरलेलं, तरी सकाळी डबीला तोंड लावून हाक मारायला हजर. मी चिडून म्हणायची, "अक्का, मी दुसरा इलेक्ट्रिशियन बघते." त्या हसायच्या. माझं मराठी पुस्तकातलं आहे म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

एकदा मात्र त्यांनी विषय बदलला नाही. हॉलमधली जुनी वायर काढायची होती. अक्कांनी तिच्या शेपटाला नवी वायर घट्ट बांधली. जुनी तिकडून बाहेर येईल तशी नवी इकडून आत जाणार. गाठीवर चिकटपट्टी गुंडाळता गुंडाळता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मीबी यांना हेच सांगायलेय ताई. मी हाय तंवर नवा मानूस बांधून घ्या. माझ्यासमोर चार दिवस त्याच्यासंगं नीट बोलून बगा. जुनी नुसतीच बाहेर आली की मग काय हाय? भिंत फोडाय लागती." डोळे कोरडे होते त्यांचे. मरणाचं त्यांना फारसं काही वाटत नसावं. हा माणूस आपल्यामागे कोणाशी जमवून घेणार, त्याच्या हाती काम राहणार की नाही, एवढीच त्यांना धास्ती होती.

"मिस्त्री काय म्हणतात?"

"बरी हुशील की, म्हनत्यात."

मग त्यांनी मलाच स्टुलावर बसवलं. नवरा दुसऱ्या कोणाबरोबर काम करू शकतो का, हे त्यांना बघायचं होतं. मीही हौसेने पावडर चोळली आणि दोन हात वायर आत सोडली. लगेच हॉलमधून आवाज आला, "कोन हाय तिकडं?"

"मीच हाय की," अक्का माझ्या खांद्यावरून ओरडल्या.

"खोटं बोलू नगंस. तुजा हात न्हवं ह्यो."

मी घाबरून वायर ढकलली, ती पायपाच्या वाकणात अडकली आणि पुढचं मिस्त्री जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अक्का मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसले. "बगितलासा?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी चहा तसाच ठेवला.

स्वयंपाकघरातली वायरची एक ओळ राहिली होती तेव्हा अक्का यायच्या बंद झाल्या. मिस्त्रींचा फोन लागेना. अखेर लागला तेव्हा "गेली ओ ताई" म्हणून त्यांनी ठेवून दिला. मी बराच वेळ त्या स्टुलाकडे बघत बसले. माझं त्यांच्याशी नातं काय, तर काही महिन्यांचं. पण घरात माणूस गेल्यासारखंच झालं.

पुढे बऱ्याच दिवसांनी मिस्त्री आपणहून दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात पिशवी. काम अर्धं आहे म्हणाले. मी घाई नाही म्हटलं, तरी आत आले. बरोबर कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात उगाच इकडचं तिकडे केलं आणि शेवटी खाली बघत म्हणाले, "जरा स्वल्प टोक धरता काय, ताई?"

मी बाहेर बसले, ते आत. ते ओढू लागले, मी देऊ लागले आणि व्हायचं तेच झालं. वायर वाकणात अडकली. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिले. पण मिस्त्री स्वतः बाहेर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या बोटांतून वायर सोडवून घेत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चुकतंय की कुनाचंबी. सावकाश करू. सरी? ठीक हाय न्हवं?"

हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अक्कांनीही ऐकला होता की नाही, कोण जाणे. जन्मभर ज्या नीट बोलण्यासाठी त्या या माणसाशी भांडल्या, ते बोलणं आलं होतं आणि ते माझ्या वाट्याला आलं होतं. मला एकदम रडू फुटलं. मिस्त्री गोंधळले. माझा हात उलटसुलट करून बघत म्हणाले, "वायरनं कापलं काय?"

मी हो म्हटलं.