पलीकडे पोचला तरच टिक

"माणूस पलीकडे पोचला तरच टिक मारायची," सरांनी फोनवर तिसऱ्यांदा बजावलं. मी उल्हासनगर कॅम्प पाचच्या मेन रोडवर क्लिपबोर्ड घेऊन उभी होते. काम पेडेस्ट्रियन काउंटचं. म्हणजे किती माणसं पायी रस्ता ओलांडतात ते मोजायचं. आकडा मोठा आला तर झेब्रा क्रॉसिंग. लहान आला तर 'गरज नाही' असा शेरा.

आकडा लहानच येत होता. ओलांडायला कोणी धजतच नव्हतं. टेम्पो, रिक्षा, बाइक, एकही गाडी हळू होत नव्हती. माणसं कडेला यायची, एक पाऊल टाकायची, मागे घ्यायची आणि परत फिरायची. काहीजण तर शेअर रिक्षाने लांबच्या चौकातून वळून पलीकडे जायचे. समोरच्या दुकानात जायला रिक्षा! फॉर्ममध्ये या लोकांसाठी रकानाच नव्हता.

त्यातल्याच एक शेवंतामावशी. समोरच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायच्या. शिवून झालेल्या पँटींचे लोंबते धागे काढायचं काम. उशीर झाला की शेठ दारातूनच परत पाठवायचा.

"सर, परत फिरणाऱ्यांचा एक कॉलम वाढवू?"

"फॉरमॅट वरून आलाय. आंदोलन तुझ्या सुट्टीच्या दिवशी कर. इथे काउंट कर."

सुट्टीच्या दिवशी मी रस्ता सुरक्षेची पत्रकं वाटते, हे त्यांना ठाऊक होतं. मी फॉर्म होता तसाच भरत राहिले. तिथेच चुकलं.

दुसऱ्या सकाळी मावशी माझ्याजवळ येऊन थांबल्या. "काय गं, कालपासून लिहितेयस. पट्टे मारणार काय इथं?"

"लोकांनी ओलांडलं तर मारतील. नुसत्या उभ्या राहिलात तर तुम्हाला मोजता येत नाही."

"म्हणजे मी माणसात नाही?" त्या हसल्या. "बरं, घे मोज."

पिशवी काखेत दाबून, हात दाखवत त्या निघाल्या. एक रिक्षा थांबली. तिच्या आडून टेम्पो आला. तो थांबला नाही.

"हॉर्न मारा था मैडम, सुनना चाहिए ना," ड्रायव्हर म्हणाला.

हॉर्न म्हणजे ब्रेक नाही. बाजूची गाडी थांबली, तर ती कोणासाठी थांबली हे बघणं चालवणाऱ्याचं काम आहे. माझ्या प्रत्येक पत्रकात हे छापलेलं असतं. त्याला तोंडावर ओरडून सांगितलं. तो टेम्पोचा फुटलेला आरसा चाचपत राहिला.

मावशींचं मांडीचं हाड मोडलं. आठवड्याभरात कारखान्यात त्यांच्या जागी दुसरी बाई बसली.

सरांनी शीट बघितली. "ही अर्धी टिक कसली?"

"शेवंतामावशी."

"पलीकडे पोचल्या?"

"नाही."

त्यांनी ती खोडली. रिपोर्ट गेला: पादचारी कमी, क्रॉसिंगची गरज नाही.

हॉस्पिटलमध्ये मावशींनी एकच विचारलं, "मोजलंस ना मला?" मी हो म्हणाले.

आता प्रत्येक फॉर्मच्या कडेला मी पेनने एक रकाना आखते, 'परत फिरले'. सर तो खोडतात. मी पुन्हा आखते. आणि काउंटला उभी असताना कोणालाही ओलांडा म्हणत नाही.