हळदीचं कडं

लीलाधर पाटील घरी पोचला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कॉलेजच्या जिन्यावर निसटली होती आणि तिच्यासाठी मागे वळायला त्याला सवड नव्हती. अमळनेरच्या कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकवणारा हा माणूस एरवी सायकलला कुलूप लावून ते पुन्हा ओढून बघणारा. पण आज गडी हवेत होता.

कारण होतं उनपदेवचं पाणी. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या झऱ्यात हात घातला की चटका बसतो. खरूज-गजकर्णाची माणसं तिथे श्रद्धेने अंघोळीला जातात. लीलाधरचा हिशोब निराळा होता. असल्या कढत पाण्यात जे जिवाणू तग धरतात ते चिवट असणार, आणि शेजारच्या जंतूंना मारणारं काहीतरी स्वतः तयारही करत असणार. त्यातूनच नवं औषध निघेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

यामागे त्याचे वडील होते. कौतिक आबा पायाच्या जखमेने धुळ्याच्या दवाखान्यातच वारले. डॉक्टर औषधं बदलत राहिले, जखमेतले जंतू एकालाही बधले नाहीत. तेव्हापासून लीलाधरचा त्या जंतूंवर राग होता, भाऊबंदावर असावा तसा.

आता मात्र बाजी पलटली होती. पू करणारे जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत त्याने झऱ्याच्या पाण्याचा थेंब सोडला होता, आणि सकाळी पाहतो तर थेंबाभोवती लख्ख कडं. तेवढ्या जागेतले जंतू साफ झाले होते. वर मधोमध पिवळी झाक, म्हणजे हा पठ्ठ्या रंगही बनवतो. स्टाफरूममध्ये पेढे वाटून झाल्यावरच तो घरी पळत सुटला होता.

त्याची आई यशोदाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं आणि समाधानाने मान हलवली.

"गुन येवालेच पाहिजे. देवना पानीले कोरं भांडं कोनी नेतस का? मी बाटलीमा चिमूटभर हयद टाकी दिन्ही व्हती."

झऱ्याचं पाणी आणायला निघायच्या आदल्या दिवशी लीलाधरने ती बाटली घरच्याच कुकरमध्ये उकळून, कागदात गुंडाळून देव्हाऱ्याजवळ ठेवली होती. हळद जखमेवर का लावतात हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पिवळी झाक जिवाणूची नव्हती, आणि कडंही बहुधा नव्हतं. स्टाफरूमला काय सांगायचं, या विचाराने त्याचे कान तापले.

"माय, परत जानं पडी," एवढंच तो म्हणाला.

"मंग मी बी येस."

उनपदेवला जाताना चोपड्याच्या एसटीत यशोदाबाई नवी बाटली असलेल्या पिशवीपासून मुद्दाम लांब बसली. झऱ्यावर बाया हळद-कुंकू वाहत होत्या. तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते पदराखाली घट्ट धरून ठेवले आणि नुसती मान लववली. आयुष्यात प्रथमच ती देवापुढे रिकाम्या हाताने उभी होती, आणि ते तिला फार जड गेलं.

या खेपेला लीलाधरने घाई केली नाही. आधी त्या पाण्यातले जिवाणू प्रयोगशाळेतल्या गरम कपाटात वाढवले, मग एकेकाला पू करणाऱ्या जंतूंसमोर उभं केलं. बशीमागून बशी कड्याविना गेली. स्टाफरूममध्ये पेढ्यांची चेष्टा सुरूच होती. आणि एका सकाळी खडूच्या ठिपक्यासारखा जिवाणूंचा एक पांढरा पुंजका दिसला, भोवती लख्ख कडं घेऊन. हळदीचा मागमूस नव्हता. त्याने तोच प्रयोग पुन्हा केला, पुन्हा कडं आलं. मग मात्र पेढे न आणता तो सरळ आईला प्रयोगशाळेत घेऊन आला.

"याचं औषध व्हईच असं नई, माय. व्हयनं तरी वर्सं जातीन."

यशोदाबाई बशीवर वाकली. हात तिने सवयीने पदराखाली घेतले होते.

"इतलंसं शे?"

"इतलंसंच."

मग पदराखालचा एक हात बाहेर काढून बशीला न शिवता तिने बोटाने हवेतच ते कडं गिरवलं.

"तुना आबाना पायनी जखम बी पयले इतलीच व्हती," ती म्हणाली.