भागीरथीची चार वाजताची चटणी

कोपर स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाला लागून भागीरथीचा गाळा आहे. तिथे एकच पदार्थ मिळतो, कडव्या वालाचं सँडविच. मोड आणून सोललेले वाल वाफवून ठेचायचे, त्यावर हिरवी चटणी, आणि पाव लोखंडी चिमट्यात दाबून शेकायचा. कुणी चीज मागितलं तर ती म्हणते, "चीज खायचं तर पुढच्या चौकात जावा. इथं वाल हाय."

ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. खाडीचं पाणी काळं झालं, नवऱ्याची होडी काठाला बसली, तेव्हा तिने मासळीची पाटी सोडून पावाला हात घातला. त्याला बारा वर्षं झाली. सोसायटी दर सप्टेंबरात तिची परवानगी वर्षभराने वाढवते.

यंदा मीटिंगच्या आधी सेक्रेटरी सुदेश माझ्याकडे आला. "काकू, शाकाहारी म्हणून विकते त्या चटणीत सुकट असते अशी तक्रार आलीय. तुमची गॅलरी बरोब्बर समोर. जरा लक्ष ठेवा ना. खरं निघालं तर गाळा बंद."

शंका मलाही होती. रोज चार वाजता संध्याकाळची चटणी वाटून झाली की शटर अर्धं खाली येई. मग तिची सासू रखमाबाई बाजूच्या दाराने झाकलेला डबा घेऊन आत जाई. दहा मिनिटांनी शटर वर. मी अकरा दिवसांच्या वेळा डायरीत टिपल्या. घड्याळ बघून लिहायचं, अंदाजाने नाही, ही माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरची शिस्त. अकरापैकी एकच दिवस शटर पडायला चार वाजून सात मिनिटं झाली होती, बाकी दिवस ठोक चार.

आणखी एक गोष्ट खटकत होती. भागीरथी स्वतःची चटणी कधी चाखत नसे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पयलं सँडविच एकवीरेला ठेवते. नैवेद्य कोण चाखतं का?"

बरोबर आहे. आमच्याही घरी नैवेद्याचं मीठ अंदाजानेच. पण तिचा नैवेद्य सकाळी अकराला होऊन जातो. मग चारच्या चटणीला कसली अडचण? आपल्याच हातची चटणी तोंडात घालत नाही, म्हणजे सुकट नाही तर आणखी काहीतरी आत आहे आणि ते हिला ठाऊक असणार.

मीटिंग रविवारी होती. शुक्रवारी चारला मी खाली उतरले आणि शटरखालून वाकून आत गेले.

रखमाबाई स्टुलावर बसली होती. मांडीवरच्या डब्यात नुसता पांढरा भात. तिने भाताच्या घासावर चटणी घेतली, डोळे मिटून चावली आणि एक बोट वर केलं. भागीरथीने चटणीत मीठ टाकलं. दुसरा घास. दोन बोटं. चिंचेचा कोळ.

"भात कशाला?" मी विचारलं.

"भातावर मीठ लपत नाय," रखमाबाई म्हणाली. "तुमी कशाला वाकून आलाव?"

भागीरथीने हात पुसले. "कोरोना झाला तवापासून मना वास नाय, चव नाय. चार वर्षं झाली. कोलसा खाल्ला काय नि पेढा खाल्ला काय. कुणाला सांगू नका, काकू. जिची जीभ मेली तिच्या हातचं कोण खाईल?"

एवढं ऐकूनही मी डबा नाकाशी धरला. भाताचाच वास होता.

रविवारी सुदेश म्हणाला, "काकू, वाचा." मी वेळा वाचल्या. डब्यात पांढरा भात होता, सुकट नव्हती, असं सांगितलं.

"सासूला भात भरवायला शटर कशाला पाडायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

मी डायरी मिटली. पुढचं सांगायचं तर तिचं गुपित जात होतं, न सांगावं तर सुकटीचा संशय राहत होता. भागीरथी दाराशी उभी होती. तिने पदर खोचला आणि स्वतःच सगळं सांगून टाकलं.

मग तिसऱ्या मजल्यावरची प्रीती म्हणाली, "म्हणजे चार वर्षं आपण आजींच्या जिभेवर खातोय!" हशा पिकला.

सुदेश हसला नाही. "आजी ऐंशीच्या पुढच्या. उद्या त्यांनाही कळेनासं झालं तर?" शेवटी ठरलं की परवानगी एक वर्ष द्यायची, पण चव बघायला बिल्डिंगमधलं एक माणूस रोज हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सोमवारी चारला मी गेले. भागीरथीने दोन वाट्या पुढे ठेवल्या. "एकीत मीठ जास्ती हाय. कंची, सांगा."

"माझी परीक्षा?"

"मग?" रखमाबाई म्हणाली. "बिल्डिंगीतल्या बाईचा भरवसा काय?"

मी भातावर दोन्ही चटण्या घेतल्या. मला दोन्ही सारख्याच लागल्या. पुन्हा घेतल्या. भागीरथी वाट्यांकडे बघतच नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"डावी," मी म्हटलं.

रखमाबाईने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "चूळ भरा. परत खावा."