मधलाच चेहरा पुसट का?

आमच्या मजल्यावरच्या गैक हुनला कुठलीही वस्तू डोळ्यांजवळ नेऊन पाहायची खोड. मासळीवाला तिला लांबून ओळखतो, कारण ती चष्मा कपाळावर चढवून माशाच्या कल्ल्यात डोकावते. इथंच, पिनांग बेटावरच्या बायान लेपास भागातल्या कारखान्यात ती सूक्ष्मदर्शकाखाली चिपांच्या तारा तपासायची. त्यातच उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर तिनं स्कॅनर घेतला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जुन्या निगेटिव्ह संगणकावर उतरवून द्यायला लागली.

चेंग बेंगचा सण तोंडावर आला होता. आपापल्या पूर्वजांच्या कबरी झाडायची सगळ्यांची गडबड. सकाळी देवाला फुलं वाहून मी गैक हुनकडे चहाला गेले, तर खाली नूडल्सची गाडी लावणारा आ हुआत तिच्या टेबलाशी उभा. हातात एक मोठी चौकोनी निगेटिव्ह, काळी-पांढरी.

"ची, ही माझी आई. मधली. तिला देव्हाऱ्यात बसवायचंय." गैक हुनला सगळे ची, म्हणजे ताई म्हणतात.

"ओळखपत्रावरचा फोटो होता ना?" तिनं विचारलं.

"तिला नको तो. ठोकळे टाकून विचारलं, सारखा नकारच."

गेलेल्या माणसाला काही विचारायचं तर इथं लाकडाचे दोन ठोकळे जमिनीवर टाकतात. एक उताणा, एक पालथा पडला की होकार.

"म्हणते, त्यात मी चोरासारखी दिसते."

"ठोकळे एवढं बोलले?"

"जिवंत असतानाही हेच म्हणायची."

गैक हुननं निगेटिव्ह चौकटीत बसवून स्कॅन केली. गाडीसमोर घरातली मंडळी रांगेत उभी. दोन्ही टोकांच्या काकांच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मोजता येत होती. मधली आई मात्र कढईच्या वाफेआडून पाहावी तशी.

आ हुआतचा चेहराच उतरला. "बघा! तोंड लपवतेय. मी गाडीची जागा बदलली ना, तिचा राग आहे तो. आता ती घरात यायचीच नाही."

असल्या गोष्टीत आपण कोण हो-नाही म्हणणार!

"थांब रे," गैक हुन म्हणाली. "तुझ्या आईचं नंतर. आधी दाणे बघू."

असल्या फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक दाण्यांचं बनलेलं असतं. फोटो काढताना माणूस हलला तर चेहरा फिसकटतो, पण दाणे जागच्या जागी टोकदार राहतात. दाणेच दिसेनासे झाले, तर दोष स्कॅन करण्यात. हे तिनं मला माझ्याच लग्नाच्या फोटोवर शिकवलं होतं.

तिनं चित्र मोठं केलं. सगळीकडे सायीसारखं गुळगुळीत.

"अगं बाई! धूळ पुसायचं बटण चालूच राहिलंय. काल रंगीत फिल्म केल्या होत्या." ते यंत्र चांदीलाच धूळ समजतं म्हणे, आणि पुसून टाकतं. बटण बंद करून पुन्हा स्कॅन केलं. कोपऱ्यांत रव्यासारखे दाणे उठले. आईच्या तोंडावर मात्र अजूनही साय.

मग तिनं निगेटिव्ह टेबलावर ठेवली, हनुवटी टेबलाला टेकवली आणि एक डोळा मिटून आडवी पाहत राहिली. "इकडे ये, वाक. काय दिसतं?"

"पोट आलंय हिला," मी म्हणाले.

"मधला भाग वर उचललाय. कडा यंत्राला नीट दिसतात, पोट दिसत नाही. आ हुआत, कशात ठेवली होतीस ही?"

"बिस्किटाच्या डब्यात, भाजलेल्या तांदळात. दमट होऊ नये म्हणून. गाडीवरचं मीठसुद्धा तसंच ठेवतो."

"मिठाला पोट येत नाही रे बाबा! वाळून वाळून वाकलीय ती."

निगेटिव्ह पातळ कागदात घालून जाड पुस्तकांखाली गेली. आ हुआत रोज जाता-येता दारातून विचारायचा, "उठली का आई?"

"झोपलीय अजून. गाडीकडे बघ, नूडल्स करपतायत."

फिल्म सपाट झाली तेव्हा त्याला वर बोलावलं. स्कॅन केलं. बरंच सुधारलं होतं, पण गैक हुनच्या मनासारखं नव्हतं. फिल्म यंत्राच्या नजरेच्या उंचीला यावी म्हणून तिनं चौकटीच्या पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारले, पुन्हा स्कॅन केलं. आणखी एकेक तुकडा सारला. मी मनात रामाचं नाव घेत होते. आ हुआत पडद्याकडे पाहतच नव्हता, खिडकीबाहेर बघत उभा होता.

"दाणे आले," गैक हुन म्हणाली.

आईच्या गालावर, कपाळावर, कानातल्या खड्यापर्यंत दाणेच दाणे. त्यांच्यामधून दोन डोळे सरळ आमच्याकडे रोखलेले, भुवया चढलेल्या, तोंड अर्धवट उघडं, हातात उलथणं.

"आ हुआत, बघ तरी."

तो वळला. पडद्याजवळ येऊन वाकला.

"ओरडतेय," तो हळूच म्हणाला. "फोटो काढणाऱ्या तिसऱ्या काकावर. लवकर काढ म्हणून. कोळसा वाया जात असणार." आणि हसताहसता त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले. "लपली नव्हती हो, ची. मोठ्यात मोठा काढून द्या. देव्हाऱ्यातच, जेवताना माझ्या समोर येईल असा लावतो."