दादाभाऊंनी बुजवलेली विहीर

अनोळखी विहीर दिसली की दादाभाऊ गाडगे आधी तिच्यात खडा टाकायचे. मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि माणसाच्या उंचीच्या मापानं निकाल द्यायचे, "सात परस खोल. खाली गाळ. कठडा न्हाई, मंजी कुणीतरी पडणार."

आमच्या भागात विहिरीत पडतो तो बहुतेक वेळा बिबट्या.

बोरी बुद्रुकच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात, सोळा घरांचा चिंचमळा आहे. दादाभाऊ तिथले गवंडी. वय एकसष्ट. सहा वर्षांपूर्वी वस्तीच्या जुन्या, आटत चाललेल्या विहिरीत बिबट्याची मादी पडली, तेव्हा वनखात्याच्या लोकांबरोबर बाजेला दोर बांधून खाली सोडणारे हेच. मादी पोहून पोहून दमलेली. भिजल्या मांजरीसारखी बाजेवर चढून बसली आणि वर बघत राहिली.

"तिचं डोळं बघितलं राव," ते सांगायचे, "आन मनात आलं, आज ही हाय, उद्या आपली समृद्धी आसंल."

समृद्धी म्हणजे त्यांचा पुतण्या सुनील याची मुलगी. तेव्हा चार वर्षांची. त्याच विहिरीच्या काठाला चिंचा वेचायची.

त्या दिवसापासून माणसाला एकच वेड लागलं. वापरातल्या विहिरीला कठडा बांधायचा, आटलेली विहीर बुजवून टाकायची. मोटरसायकलला थापी-ओळंबा अडकवून ते जुन्नर-आंबेगाव पालथं घालायचे. सगळे त्यांना नाना म्हणायचे, आणि पारावरची मंडळी सोडायची नाहीत.

"नाना, औंदाच्या इलेक्शनला बिबटं तुमालाच मत देणार बघा!"

"देऊ द्या की. ती निदान फुटत तरी न्हाईत."

कठडे बांधून व्हायचे, पण विहीर बुजवायला भराव लागतो, आणि सात परस खोल भोक भरायला किती लागतो! एक दिवस आळेफाट्यावर चहा पिताना एका ट्रकवाल्याशी गाठ पडली. कारखान्याची राख-माती आहे, म्हणाला, जागा सांगा, आणून ओततो. दादाभाऊंना देव भेटल्यासारखं झालं.

वस्तीच्या त्याच जुन्या विहिरीवर ट्रक दिवसाढवळ्या आले. आठ खेपा. त्यांच्या बायकोनं, लंकाबाईंनी, आधी पाण्यातल्या देवतांची, साती आसरांची, ओटी भरली, विहिरीची माफी मागितली. मग दादाभाऊ स्वतः ट्रकच्या मागं उभे राहिले. "येऊ द्या… येऊ द्या… बास!" राखाडी, चिकट, ओलसर माल धबाधब आत गेला. लंकाबाईंनी पदर नाकाला लावला.

"आवो, ह्याला वास कसला मारतोय? रंगाच्या दुकानावानी?"

"कारखान्याची राख हाय ती. मोगऱ्याचा येईल व्हय?"

वर दोन फूट मुरूम टाकला, रोलर फिरवला, वस्तीनं नारळ फोडला. दादाभाऊंना फेटा बांधला. पोरांनी तिथं क्रिकेट सुरू केलं. जागेवर गवताचं पातं उगवेना. पोरं म्हणाली, बरं झालं, पीच साफ करायला नको.

याला दोन वर्षं झाली.

ह्या वर्षी संक्रांतीनंतर सुनीलच्या विहिरीचं पाणी बिघडलं. सगळी वस्ती तेच पाणी प्यायची. चहात दूध घातलं की फाटायचं, भाताला पिवळट झाक यायची. सुनीलच्या दोन शेळ्या पाय ताणून मेल्या. मग समृद्धीच्या हातापायांवर फोड उठले, पाण्यानं भरलेले, द्राक्षांएवढे. नारायणगावच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" सुनीलची बायको शीला घरी आली, बाटली भरली, आणि तिनं कुणाकुणाला फोन करून ती पुण्याला तपासायला पाठवली.

अहवाल यायच्या आधीच वस्तीनं निकाल लावला. दोषी बायडाबाई. सत्तरीची म्हातारी, विहिरीला लागून तिचे टोमॅटो, आणि फवारणीत हात सैल.

"बायडाबाय, टमाट्याला आवशद पाजती का आमाला?"

"तुला पाजलं आसतं तर एवढं बोलला नसतास," ती म्हणायची. पण महिनाभर तिच्या दारात कुणी गेलं नाही.

महिन्यानं एका सकाळी अहवाल घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेतून आरती मॅडम आल्या. तिशीच्या, पायात गमबूट, बरोबर बर्फाची पेटी आणि बाटल्या. सगळी वस्ती विहिरीवर जमली.

"हे फवारणीचं औषध नाही," त्या म्हणाल्या. "ह्यात कारखान्यात वापरतात ते रसायन आहे. आणि शिसं आहे. जवळपास कारखाना कुठं आहे?"

"हितं? हितं गुऱ्हाळ हाय फक्त," सुनील म्हणाला, आणि दोनचार जण हसलेसुद्धा.

"बाहेरून काही आणून टाकलंय?"

"मी आणलाय की भराव," दादाभाऊ पुढं झाले. लपवायचं काय होतं त्यात? मॅडमना क्रिकेटच्या जागेवर घेऊन गेले ते उलट कौतुकानं. मॅडमनी लोखंडी गिरमिट जमिनीत फिरवलं. मुरूम संपला आणि खालून जे वर आलं त्याच्या वासानं मागं उभी पोरं सरकली. मॅडमनी घाईनं मास्क चढवला.

"इथं मुलं खेळतात?"

खेळतात हे दिसतच होतं. तीन स्टंप उभे होते.

मॅडमनी दोन्ही जागांमधलं अंतर पावलांनी मोजलं. "हे भयंकर आहे. पण एक कळत नाही. पिण्याची विहीर इथून शंभर फुटांवर, तीसुद्धा चढाला. मधे काळा पाषाण. हे तिकडं पोचलं कसं?"

"तेच म्हणतोय मी!" दादाभाऊंचा जीव भांड्यात पडला. "पाणी कधी चढाला चढतंय व्हय?"

तेवढ्यात मागून बायडाबाईचा आवाज आला. "दादाभाऊ, दोन हजार तीनच्या दुष्काळात सोळा दिस तू ह्या हिरीत काय करत व्हतास रं?"

"काय करत व्हतो? मशीन लावलं व्हतं. आडवं बोर…"

"आडवं बोअर म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"हिरीच्या तळाला मशीन लावायचं आन पाषाणात आडवं भोक मारायचं. पाण्याचा झरा घावतो का बघायला. एक मारलं, कोरडं. दुसरं मारलं, कोरडं. तिसरं ह्या दिशेला गेलं, एकशे दहा फूट, आन थेट सुनीलच्या बापाच्या हिरीत निघालं. लई नाचलो आमी. दोन्ही हिरी एक झाल्या म्हणून पेढं वाटलं. तिकडं मोटर लागली की हिकडचं पाणी वढून…"

ते थांबले. हात सुनीलच्या विहिरीकडं लांब केलेला तसाच राहिला. स्वतःच्याच तोंडून काय बाहेर पडलं ते त्यांना आत्ता ऐकू आलं होतं. बावीस वर्षांपूर्वीचं ते भोक त्यांनी स्वतः मारलं होतं. आणि त्याच्या तोंडाशी आठ ट्रक स्वतः ओतून घेतले होते. येऊ द्या, येऊ द्या म्हणत.

"नाना," शीला म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "डाक्टर म्हणलं पाणी पिऊ नका. म्हणून पित न्हवतो. नुस्तं तिचं फोड धुवायला घ्यायची मी. रोज सकाळी."

दादाभाऊ तिथंच मातीत बसले.

बायडाबाई जिंकली होती, पण तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समृद्धीला पोटाशी धरून उभी राहिली.

दुपारपर्यंत विहिरीची मोटर सोडवली गेली, काठानं लाल फीत बांधली. टँकर सुरू होईल, मॅडम सांगत होत्या. भराव उकरून काढावा लागेल, पण कुणी आत उतरायचं नाही, खाली वायू असतो. मशीननं काढायचा, बंद पिंपांत भरून न्यायचा. पाणी पुन्हा पिण्याजोगं कधी होईल? सांगता येत नाही. वर्षं लागतील. मग त्या दादाभाऊंच्या समोर उकिडव्या बसल्या.

"नाना, एकच विचारते. हा माल अजून कुठं टाकलाय?"

त्यांनी तीन बोटं वर केली.

"ही हीर बघून लोकांनी मागितला," लंकाबाई त्यांच्या वतीनं बोलल्या. "आमच्याबी हिरी बुजवा म्हणले. ह्यांनीच ट्रकवाल्याला नंबर दिलं सगळ्यांचं."

"पत्ते आहेत?"

"पत्तं कशाला?" दादाभाऊ उठले. गुडघ्यावरची माती झटकायचंही भान नव्हतं. "मी येतो. चला. आत्ता."

पहिली वस्ती कळंबच्या अलीकडची, खाली नदीच्या अंगाला. मॅडमची जीप अंगणात थांबली तशी सोनीबाई बाहेर आली, कपाळभर कुंकू, हात पिठाचे.

"अगं बया, कठडेवालं नाना! लई दिसांनी वाट वाकडी केली. या, बसा. चहा टाकलाच हाय, दोन कप वाढवते."

दादाभाऊ चपलांसकट घरात शिरले. गॅसवर चहाचं आधण उकळत होतं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी पातेलं उचललं, बाहेर आणलं आणि अंगणात ओतून दिलं.

"नाना! आवो काय झालंय काय तुमाला?"

"सोनीबाई, आधी सांग. ती बुजवलेली हीर. दुष्काळात तिच्यात आडवं बोर मारलं व्हतं का?"

सोनीबाई त्यांच्याकडं, मग वाफाळत्या ओल्या मातीकडं बघत राहिली.

"मारलं की," ती म्हणाली. "तवा सगळ्यांनीच मारलं. का वो?"