रक्त थांबलं म्हणून
मंडळी, आज ग्रुपवर एक कबुली द्यायची आहे.

मोठ्या आतड्यात जखमा होऊन शौचावाटे रक्त जायचं, म्हणून शाहूवाडीच्या कमलताईंना मी वर्षापूर्वी गोळ्या सुरू केल्या होत्या. आज सकाळी घरच्यांनी त्यांना उचलूनच दवाखान्यात आणलं. पुन्हा खूप रक्त जाऊन त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"गोळ्या घेताय ना?"

"न्हाय की डॉक्टर. रगात थांबलं, म्हटलं बरी झाली. चालू ठेवायच्या हुत्या व्हय?"

हा आजार दबतो, जात नाही. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नसतात. सांगायला दोन मिनिटं लागली असती, पण मी सांगितलंच नव्हतं. आता औषधांनी रक्त थांबण्यापलीकडे गेलंय, ऑपरेशन करून मोठं आतडं काढावं लागणार आहे.

"चुकलं माझंच," त्या म्हणाल्या.

"नाही, माझं चुकलं," हे माझ्या तोंडून निघालं नाही.

तुमचा आजार तुम्हाला कुणी नीट समजावून सांगितलाय का?